विटाळ का जखम

मनकर्णाबाईच्या तोंडी हिंगणीत कोणी लागत नसे. ग्रामसेवक लागत नसे, गवळी लागत नसे, आणि नवरा महादेवराव तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच लागायचा थांबला होता. म्हणून वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने एकच गोष्ट तीनदा समजावली आणि तिन्ही वेळा ती डोक्यावरून गेली, तेव्हा चूक कोणाची हे मनकर्णाबाईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या पोरीला सांगताच येत नव्हतं.

साल पंच्याऐंशीचं. होळीच्या आधी उजव्या छातीत गाठ लागली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. मनकर्णाबाईने एरंडाची पानं बांधली, हळद लावली, आणि कोणाला सांगितलं नाही. सून कुंदा पाठीला साबण लावताना तिच्या हाताला ती लागली म्हणून घर जागं झालं. दवाखान्यात नेली, छाती काढली, टाके वाळले. पोलक्यात सुती धोतराची घडी खोचून मनकर्णाबाई घरी आली, आणि पहिल्याच दिवशी भाजीवालीशी वांग्यावरून भांडली, तेव्हा गावाला कळलं की म्हातारी वाचली.

पण डॉक्टरीणबाईचं समाधान झालं नव्हतं. तिने एक गोळी लिहून दिली. पांढरी, शर्टाच्या गुंडीएवढी. रोज घ्यायची, वर्षानुवर्षं.

"आजी, बाईच्या अंगात एक रस असतो," ती म्हणाली. "त्यानं पाळी येते, अंग भरतं. तुमची गाठ त्याच रसावर पोसली गेली. एखादा कण अंगात राहिला असेल, तर तोही रस पिऊन वाढेल. ही गोळी रसाला त्याच्यापर्यंत पोचू देत नाही."

"बाई, माही पाळी जाऊन जमाना झाला. नातू शायेत जाऊन राह्यला माहा. आता कायचा रस अन् कायचं काय?"

"पाळी गेली तरी थोडा राहतोच. अंगातल्या चरबीतून तयार होतो."

"म्हंजे मी लठ्ठ हाव म्हनता?"

डॉक्टरीणबाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

परतीच्या एस्टीत महादेवरावाने आपल्या परीने प्रयत्न केला. "अवं, पऱ्हाटीचं पाह्य ना. कापसाचे येचे झाले, हंगाम उठला, पन बुडाले पानी भेटलं का मागून चार बोंडं येतेच. फरदड म्हन्ते त्याले. तसाच थो रस असन."

"मले फरदड म्हन्ता?"

"मी पऱ्हाटीले म्हनलं."

"अन् मंग गोळी काय करते?"

महादेवरावाने खिडकीबाहेर पाहून विचार केला. हिंगणीचा माणूस जंगलाच्या कडेला जन्मलेला, त्याला दुसरं काय सुचणार? "गोळी म्हंजे नाकेदार समज. लाकडाची बैलबंडी जंगलातून निंगाली, का थो नाक्यावर अडवते. बंडी हाय, लाकूड हाय, पन गावात शिरत नाई."

"अन् नाकेदारानं चहा पिऊन सोडून देल्ली तवा?"

महादेवरावाने टोपी डोळ्यांवर ओढली आणि सेलू येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

एवढं मात्र मनकर्णाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं की ही गोळी बाईपणाच्या विरोधातली आहे. असू दे. बाईपण वापरून झालं होतं. मुलगा मधुकर सिंदीला जिनिंगमध्ये कामाला होता, तो नागपूरहून गोळ्या मागवून शनिवारी घेऊन येई. सकाळी देवाला पाणी घातलं की मनकर्णाबाई गोळी गिळी, आणि वर एक शिवी हासडी, ती गोळीला की डॉक्टरणीला हे घरच्यांना कळत नसे.

श्रावणात नवीनच तमाशा सुरू झाला. बाहेर झड लागलेली, माणसं गोधड्या पांघरून बसलेली, आणि मनकर्णाबाई सुपाने वारा घेत ओसरीवर. छातीपासून आगीचा एक लोळ उठे, मानेवरून टाळूपर्यंत जाई, लुगडं भिजे, आणि मग हुडहुडी भरे. हे तिला ओळखीचं होतं. पाळी जाताना असंच झालं होतं, तेव्हा सासू म्हणाली होती की बाई विझताना एकदा भडकतेच. पण एकदा विझलेला दिवा पुन्हा कसा विझतो?

शेजारच्या भिंतीआड धाकटी जाऊ राहायची, रुख्माबाई. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कान अजून एकत्रच होते.

"काय वं जाऊबाई," रुख्माबाई भिंतीवरून डोकावली, "पान्यापावसाच्या घामून राह्यल्या? तब्येत बरी हाय ना?"

"मले काय धाड भरली? तुह्या चुलीचा धूर इकडं येते, त्याची गरमी हाय."

"माही चूल तं कवाचीच इझली."

"मंग तुह्या तोंडाची असन."

रुख्माबाई हसत खाली उतरली. तिला घाई नव्हती. तिचा डोळा एकाच गोष्टीवर होता, आणि ती गोष्ट भादव्यात येणार होती.

त्या घराण्याच्या महालक्ष्म्या मनकर्णाबाईकडे होत्या. थोरली म्हणून सासूने मुखवटे तिच्या ओटीत घातले होते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळेच्या, नाकात खऱ्या नथा. तीन दिवसांच्या पाहुण्या, पण त्या तीन दिवसांवर बाईचं वर्षभराचं नाक उभं असतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांना दारातून कुंकवाच्या पावलांवरून आत आणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांचं जेवण, डोक्यावर फुलोरा, आणि गावजेवणासारखी पंगत. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू आणि बोळवण. मुखवटे आत आणणारी बाई म्हणजे त्या घराची धनीण. आणि सोवळं असं कडक, की मनकर्णाबाईच्या घरात त्या दिवसांत मांजरसुद्धा जपून चाले.

मुख्य भीती एकच. घरातली कोणी बाई ऐन वेळी बाहेरची व्हायची. बाहेरची झाली की तिने कोपऱ्यात पोतं टाकून बसायचं, कशाला शिवायचं नाही, देवीकडे पाहायचंसुद्धा नाही. पूर्वी हा नशिबाचा खेळ होता. पण अलीकडे सेलूच्या औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळू लागल्या होत्या. लग्न, सत्यनारायण, महालक्ष्म्या, काहीही असो, बाया चार दिवस आधीपासून गोळी सुरू करत आणि देवाला फसवल्याचं कोणालाच काही वाटत नसे. मनकर्णाबाईला तर ती गोळी फारच आवडली होती. विज्ञानाने काढलेली ती एकच कामाची वस्तू, असं तिचं मत. कुंदाला ती स्वतःच आणून द्यायची आणि समोर उभी राहून गिळायला लावायची.

"गिळली?"

"गिळली, आत्याबाई."

"तोंड उघड."

कुंदा तोंड उघडून दाखवी. चांगली पोरगी होती, दहावीपर्यंत शिकलेली, आणि गप्प बसायचं कुठे हे माहेरून शिकून आलेली.

त्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मनकर्णाबाई न्हाणीत गेली आणि लुगड्यावर डाग दिसला.

ती तशीच उभी राहिली. आधी वाटलं, कुंकू सांडलं. मग वाटलं, मूळव्याध. मग तिने नीट पाहिलं, आणि जे तिला चौदाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत ओळखीचं होतं ते तिने ओळखलं. न्हाणीतल्या दगडावर ती बसली.

आता याला म्हणायचं काय?

गोळी तर बाईपणाला अडवायची होती. मग बाईपण परत कुठून आलं? नाकेदार झोपला का? का डॉक्टरणीने उलटीच गोळी दिली? का ही पाळीच नाही, ती आतली गाठ फुटली, खाली उतरली? पण गाठ तर वर होती. छातीतून खाली यायला अंगात काय रस्ता आहे? आणि पाळी असली तर? साठीच्या बाईला पाळी म्हणजे लोक काय म्हणतील? रुख्माबाई काय म्हणेल, हे तर मनकर्णाबाईला तिच्याच आवाजात ऐकू आलं. "जाऊबाई, पुन्हा न्हात्याधुत्या झाल्या म्हन्ते."

आणि सगळ्यात मोठा घोळ पुढेच होता. पायात काटा मोडला, रक्त आलं, तर विटाळ होत नाही. ती जखम. पाळीचं रक्त आलं, तर विटाळ. मग हे काय आहे? जखम असेल तर उद्या मुखवटे हातात घेता येतील. विटाळ असेल, आणि तरीही घेतले, आणि घराण्यावर कोप झाला, तर त्याची धनी कोण? ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे विटाळ ठरवले, तिला स्वतःचा ठरवता येईना.

गोळी खावी तर विटाळ, सोडावी तर गाठ. न्हाणीत बसून तिला एवढंच दिसत होतं.

विचारायचं तरी कोणाला? महादेवरावाला सांगितलं तर तो पुन्हा पऱ्हाटीचं सांगेल. कुंदाला कसं विचारायचं? जिचं तोंड उघडून पाहिलं, तिच्यापुढे आपलं उघडायचं?

मग तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड चुकीचा होता. देव्हाऱ्याच्या मागच्या कोनाड्यात कुंदाच्या गोळ्या होत्या. त्या पाळी थांबवतात. हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं, दरसाल. तिची स्वतःची गोळीही बाईपण थांबवते म्हणतात, पण ती काही थांबवताना दिसत नाही. मग जी काम करते ती खावी, जी करत नाही ती ठेवावी. दोन्ही एकदम खाल्ल्या तर पोटात भांडतील. तिने कुंदाच्या पाकिटातली गोळी काढली, तांब्यातल्या पाण्याने गिळली, आणि आपल्या गोळ्यांची डबी तांदळाच्या कोठीत खाली दाबून टाकली. डॉक्टरणीला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक गिळली. दुपारी आणखी एक. डाग तसाच.

संध्याकाळी ओसरीवर बाया जमल्या. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटली होती. कुंदाने ताटली आणि चमचा हातात घेतला होता, वाजवायला. रुख्माबाई नवं लुगडं नेसून पुढेच उभी. मुखवटे सुपात, सूप ओट्यावर. मनकर्णाबाईने फक्त वाकायचं, सूप उचलायचं, आणि "लक्ष्मी आली, सोन्याच्या पावलानं आली" म्हणत उंबरा ओलांडायचा.

ती वाकली. हात सुपापर्यंत गेले. आणि ते तिथून पुढे जाईनात. ज्येष्ठेचे पितळी डोळे तिच्याकडे पाहत होते, आणि ती बाई, जी जिवंत माणसाला भीत नव्हती, त्या डोळ्यांना भ्याली.

"कुंदे," ती सरळ होत म्हणाली, "तू आन."

रुख्माबाईने पदर सावरला.

"मी?" कुंदाच्या हातातला चमचा खाली पडला.

"नाई, भिंत. तूच. माह्या कमरंत उसन भरली."

"कमरेत उसन?" रुख्माबाई पुढे सरकली. "मंग मी हाव ना जाऊबाई. सुनीच्या हातानं काऊन? घरात दुसरी मोठी बाई असताना."

"तू मोठी? तुह्या लग्नात तुह्यं लुगडं मी नेसवलतं. सरक तिकडं. कुंदे, उचल."

कुंदाने सूप उचललं. तिची पावलं बरोबर पडली. बायांनी ताटल्या वाजवल्या. मनकर्णाबाई मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. मग ओसरीच्या टोकाला, जिथे कुंदा महिन्याला बसायची, तिथे गुपचूप जाऊन टेकली. कमर धरून बसली, म्हणजे कोणाला शंका यायला नको. पण पाण्याच्या गडव्याला ती शिवली नाही, आणि नातू मांडीवर बसायला आला तेव्हा तिने त्याला हाकलला.

माणसांना हे दिसलं नाही. कुंदाला दिसलं.

बाया गेल्यावर ती आली. हाताचं अंतर ठेवून बसली.

"आत्याबाई, माह्या गोळ्या कमी झाल्या."

"उंदरं झाले असन."

"उंदरं पाकीट फोडून एकेक गोळी काढत नाईत."

मनकर्णाबाईने तोंड फिरवलं.

"आत्याबाई, तुमाले..." कुंदा अडखळली. "तुमाले काही होऊन राह्यलं का?"

मनकर्णाबाई एकदम फुटली. "होऊन राह्यलं! मसनात जायच्या वयात बाहेरची झाली मी! जाय, सांग गावाले! त्या भिंतीआडच्या बाईले सांग आंधी, पेढे वाटन थे!"

"हळू बोला. मामाजी आत हायेत."

"त्याईले ऐकू जाते कोठी?"

कुंदा थोडी जवळ सरकली. "कवापासून?"

"काल. थांबतच नाई. तुह्या गोळ्या खाल्ल्या, तरी नाई."

"अन् तुमच्या?"

"त्या ठेवल्या तांदळात. त्याईनंच तं झालं हे सारं."

कुंदाचा चेहरा उतरला. तिने कपाळाला हात लावला. "आत्याबाई, हे काही पाळी नाई. या वयात पाळी येत नाई. बिमारी असन हे. उद्याच दवाखान्यात चाला."

"पाळी नाई म्हंजे विटाळ नाई?"

"मले काय ठाऊक!"

"तू शिकली ना दहावी?"

"दहावीत हे नोतं. विटाळाचं तं तुमीच शिकवलं मले."

हे खरं होतं, म्हणून मनकर्णाबाईला आणखीच राग आला. "उद्या देवी जेवते. पंगत हाय. मी घर सोडून कोठी जात नाई. त्या परवा उठल्या, का पाहू."

"मंग तवापरेंत माह्या गोळ्याले हात लावू नका. अन् लावला, तं मी मामाजीले सांगतो, अन् भिंतीआडच्या काकूलेबी सांगतो."

"मले भेव दाखवून राह्यली?"

"हो," कुंदा म्हणाली, आणि स्वतःच घाबरून आत पळाली.

दुसरा दिवस मनकर्णाबाईने आयुष्यात काढला नसेल असा काढला. ओसरीच्या कोपऱ्यात बसून तिने आपलं स्वयंपाकघर रुख्माबाईच्या हातात गेलेलं ऐकलं. "पुरन पातळ झालं वं," रुख्माबाई मुद्दाम मोठ्याने म्हणे. "दरसाल असंच असते का?" कढीत मीठ जास्त पडलं, फुलोऱ्यातली वेणी तुटली, आणि पंगतीतल्या माणसांनी जाताजाता कमरेसाठी सतरा उपाय सांगितले. निरगुडीचा पाला, तापलेली वीट, कोणी तर बोरधरणाच्या पलीकडल्या वैदूचं नाव. मनकर्णाबाई सगळ्यांना हो म्हणाली. पंगतीला वाढलेली पुरणपोळी तिने कोपऱ्यातच खाल्ली, आणि ती तिला गोड लागली का कडू, हेही तिला सांगता आलं नसतं.

बोळवण झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवराव, मनकर्णाबाई आणि कुंदा एस्टीत बसून दवाखान्यात गेले. महादेवरावाला कुंदाने काय सांगितलं कोण जाणे. त्याने वाटभर बायकोच्या पिशवीचं ओझं स्वतःकडे घेतलं.

डॉक्टरीणबाईने सगळं ऐकलं. गोष्ट कुंदाच्या गोळ्यांपर्यंत आली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, ती गोळी बाईच्या रसाच्याच घराण्यातली आहे. आम्ही एकीकडून दार लावतो आणि तुम्ही दुसरीकडून त्याच घरची माणसं आत घेता?"

"मले कोनी सांगतलं? दोन्ही गोळ्याच ना. दोन्ही थांबवते म्हन्ता."

"एक रसाला अडवते. दुसरी रसासारखं वागून शरीराला फसवते."

"मंग हे आलं कशानं? अडवनाऱ्या गोळीनं का फसवनाऱ्या?"

"फसवणारी तुम्ही नंतर खाल्लीत. आधीचं बहुतेक माझ्याच गोळीनं. ती छातीत रसाला अडवते, पण गर्भाच्या पिशवीत कधीकधी स्वतःच रसासारखी वागते. पिशवीचं अस्तर वाढतं आणि रक्त जातं."

मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत राहिली. "म्हंजे नाकेदार एका रस्त्यावर अडवते, अन् दुसऱ्या रस्त्यावर सोताच बंडी हाकलते?"

"कोण नाकेदार?"

"जाऊ द्या," महादेवराव कोपऱ्यातून म्हणाला.

पिशवी तपासावी लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाली. आतलं थोडं खरवडून काचेखाली पाहावं लागेल, तिथे नवं काही उगवलं नाही ना हे कळायला हवं. मनकर्णाबाईला भरती केलं, भूल दिली, खरवडलं. उत्तर यायला दिवस लागणार होते, ते दिवस महादेवरावाने दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली काढले आणि मनकर्णाबाईने बाजूच्या खाटेवरच्या बाईला पुरण कसं शिजवावं हे शिकवण्यात.

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेवर येऊन बसली. डॉक्टर खाटेवर बसले म्हणजे वाईट, असं मनकर्णाबाईने ऐकलं होतं, म्हणून तिने आधीच दात आवळले.

"पिशवीत वाईट काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "गोळी पुन्हा सुरू करायची. रक्त दिसलं की त्याच दिवशी यायचं. देव घरात असो की नसो."

"म्हंजे पुन्हा येईन थे?"

"येऊ शकतं."

"अन् गोळी कवापरेंत?"

"आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. आता काही ठिकाणी पाच वर्षं देतात. अजून तपासणं चालू आहे."

"म्हंजे तुमालेबी ठाऊक नाई."

"पूर्ण नाही."

"अन् गोळी नाई खाल्ली तं गाठ येईनच?"

"येईलच असं नाही. पण यायची भीती जास्त. खाल्ली तर कमी. शून्य नाही."

मनकर्णाबाईला वाटलं, हिला झापावं. एवढी शिकली, गळ्यात ती नळी, आणि सगळ्याला "बहुतेक" आणि "पूर्ण नाही". पण झापायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. गाठ काढली तेव्हापासून ही पोरगी तिच्याशी अशी बोलत होती, जशी ती स्वतः कुंदाशी बोले, सगळं ठाऊक असल्यासारखी. आज पहिल्यांदा तिला ठाऊक नव्हतं. आणि मनकर्णाबाईला, का कोण जाणे, तिचं आज पटलं.

"एक इचारतो," ती आवाज उतरवून म्हणाली. "हे रगत विटाळ हाय का जखम?"

डॉक्टरीणबाईला प्रश्न लगेच कळला नाही. कुंदाने तो उलगडून सांगितला. डॉक्टरीणबाईने कपाळाला आठ्या घातल्या, खरोखर विचार केला. "पाळी नाही, एवढं मी सांगू शकते. बाकीचं माझ्या पुस्तकात नाही, आजी."

"माह्याबी नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

घरी परतून चार-पाच दिवस झाले असतील. कुंदाने पाळी ढकलायच्या गोळ्या दवाखान्यातून परतल्यावरच सोडल्या होत्या, त्यामुळे तुंबलेलं सगळं एकदम आलं आणि ती ओसरीच्या टोकाला पोतं टाकून बसली होती. पोट धरून, चेहरा पांढरा. महादेवराव शेतात गेलेला. घरात मनकर्णाबाईखेरीज हात धुवायचं पाणी देणारंसुद्धा कोणी नाही.

मनकर्णाबाई गोळीची डबी हातात घेऊन बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली. तिचा स्वतःचा डाग कालपर्यंत होता, आज नव्हता, उद्याचं कोणाला माहीत. आपण कशात मोडतो हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. मग तिने पायाने पोत्याचं टोक ढकललं.

"सरक तिकडं."

"आत्याबाई, शिवू नका. मी बाहेरची हाव."

"ठाऊक हाय मले. सरक." ती बसली. अंगाला अंग लागलं. कुंदाने श्वास रोखला, जणू आता छप्पर पडेल. छप्पर पडलं नाही. "दुखते का लय?"

"या खेपी लय दुखते."

"त्या गोळ्या पुढच्या सालापासून बंद. आली तं आली. देवी काही दारावर पोट तपासाले बसत नाई." मग ती खेकसली. "पानी आन मले. गोळी घ्याची हाय."

"मी? माठातलं?"

"नाई, इहिरीत उतर. माठातलंच."

कुंदा उठली, उंबऱ्यापाशी थबकली, मागे वळून पाहिलं. मनकर्णाबाईने मान दुसरीकडे केली होती. कुंदा आत गेली. माठावरचं झाकण वाजलं.

भिंतीवर डोकं आलंच. "जाऊबाई, कुंदी घरात गेली का वं? थे तं बाहेरची हाय ना? माठाले शिवली?"

मनकर्णाबाईने डबीचं झाकण उघडलं.

"मले नको इचारू, रुख्मे," ती म्हणाली. "माह्यं मलेच समजून नाई राह्यलं."

रुख्माबाईला असल्या उत्तराची सवय नव्हती. ती तशीच भिंतीला धरून राहिली. कुंदा गडवा घेऊन आली. मनकर्णाबाईने तो तिच्या हातातून घेतला, गोळी जिभेवर ठेवली, आणि पाणी प्यायली.

"गिळली?" कुंदाने हळूच विचारलं.

मनकर्णाबाईने तिच्याकडे रागाने पाहिलं. आणि मग तोंड उघडून दाखवलं.